आकड्याच्या गाडीला मुठीचा डबा

४ फेब्रुवारी

ढब्बू,

पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, अक्षर माझंच आहे. ताईचं. नऊ वर्षांनी लिहायचं तर सुरुवात कशी करावी यावर दोन कागद फाडले. मग म्हटलं, मरू दे, कामाचं तेवढं लिहावं.

काम असं आहे. बाबांना अंगणातली ती छोटी आगगाडी, सगळी, एकदा सलग धावताना बघायचीय. सगळी म्हणजे त्यांचे स्वतःचे सहा डबे आणि माळ्यावरच्या खोक्यातले तुझे चार, एकाच इंजिनामागे. गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, "ते वरचं खोकं काढ." कुणाचं खोकं ते नाही म्हणाले. तुझं नाव या घरात घेतलं जात नाही, ते तुला माहीत आहे. पण खोकं काढ म्हणाले, आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला.

आता अडचण. बाबांचे डबे ज्या कंपनीचे, त्यांना एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला कडी. तुझे डबे दुसऱ्या कंपनीचे, त्यांना दोन्ही टोकांना ती अर्ध्या मिटलेल्या मुठीसारखी पकड, आपली 'मूठ'. मूठ मुठीत अडकते, आकडा कडीत अडकतो, पण आकडा आणि मूठ एकमेकांकडे नुसते बघत बसतात. मला एका डब्याच्या एका टोकाला मूठ बसवायचीय, म्हणजे पुढे आकड्याची गाडी आणि मागे तुझे डबे जोडता येतील. तू हे पूर्वी केलं होतंस. तो तपकिरी डबा त्या दिवशीच मोडला, त्यामुळे बघून करायला काही नाही. किती उंचीवर बसवायची, कशाला बसवायची, एवढं कळव.

हत्यारांची काळजी नको. मी अजून त्याच प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या बनवते. बारीक कानस, छोटं ड्रिल, मेण, सगळं हाताशी आहे.

तुझी मुलगी आता आठ वर्षांची असेल. फोटो नको पाठवूस, मी मागत नाहीये. आपलं लिहिलं.

ताई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझा कागद मिळाला. लिफ्टच्या दुरुस्तीच्या पावतीच्या पाठीवर चित्र, ना प्रिय ना अप्रिय, खाली सहीसुद्धा नाही. तरी चित्र झकास आहे. रुळाच्या माथ्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर, आणि 'डब्याच्या तळाला नको, चाकांच्या चौकटीला बसव' असं दोनदा अधोरेखित केलंयस. दोनदा कशाला, मला एकदाच लिहिलेलं वाचता येतं.

वाचता येतं, ऐकता येत नाही. मी तळालाच बसवली. म्हटलं, तळ भक्कम, चौकट डुगडुगती. अंगणातल्या मागच्या भिंतीकडच्या वळणावर पहिल्याच फेरीत तुझा मालडबा रुळावरून बाजूला फेकला गेला. वळणावर चाकं वळली, डब्याचं ढुंगण बाहेर गेलं, आणि त्याच्यासोबत मूठही बाहेर. शहाणपणा नडला. आता काढून चौकटीला बसवतेय.

मूठ बसवायला ठोकळा लागतो, तो मी कवळीच्या साहित्यातूनच ओतला, तेच पटकन घट्ट होतं. रंग गुलाबी. डब्याला हिरड्या आल्यात. बाबा हात लावून म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "हिरडी." ते हसले. किती दिवसांनी हसले ते लिहीत नाही, तुला वाटेल मी गळ टाकतेय.

खरं कारणही सांगून टाकते. बाबांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष सरेपर्यंत माणसाचा चेहरा ओळखता येईल असं सांगता येत नाही. म्हणून ती गाडीची घाई. गाडीची आहे की आणखी कशाची, ते त्यांना विचारायची माझी छाती नाही. शहाऐंशी वर्षांचा माणूस आहे. कुबडी टेकत मागच्या दारापर्यंत येतात, खुर्चीत बसतात आणि मान तिरकी करून रूळ बघतात, पक्ष्यासारखी. समोर बघितलं तर डाग आड येतो ना.

तू चित्राखाली विचारलंयस, 'तपकिरी डब्याचं नेमकं काय मोडलं?' अरे मोडला म्हणजे मोडला. टाकून दिला. आता नसलेल्या डब्याची काय चौकशी!

ताई


२ मार्च

ढब्बू,

तुझ्या मापाने बसवलेली मूठ धरून आहे. रविवारी सकाळी अकरा फेऱ्या मारल्या. पुढे इंजिन, मग बाबांचे पाच डबे, मग हा हिरडीवाला, मग तुझे चार. भिंतीकडचं वळण, नळाखालचा पूल आणि तो चढ, जिथे रूळ कमरेइतक्या उंच लाकडी खांबांवर जातो. चढाच्या माथ्यावर मी झेलायला हात पुढे धरून उभी होते. काही झालं नाही. अकराही वेळा काही झालं नाही. गाडी माथ्यावरून पलीकडे गेली, लोण्यातून सुरी जावी तशी.

मला वाटलं बाबा खूष होतील. झाले. मग मान तिरकी केली आणि विचारलं, "मग त्या दिवशी का सुटला?"

मी म्हटलं, "जुनं झालं असेल."

"सकाळीच बसवलं होतं त्याने. नवं."

"मग घाईत बसवलं असेल."

"त्याने? घाईत?"

मी डबे आवरायला घेतले. तू विचार कर, पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासलेला माणूस. एका पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा थेंब तो दारातून ओळखायचा. त्याला मी 'घाईत बसवलं असेल' सांगतेय.

ढब्बू, आता लिहिते, नाहीतर पुन्हा कागद फाडेन.

तपकिरी डब्याची चाकं मी बदलली होती. जुनी प्लॅस्टिकची होती, रुळावर काळा थर सोडायची, बाबा दर आठवड्याला वाकून रूळ पुसायचे. मी त्यांच्यासाठी लोखंडी चाकं आणून ठेवली होती, गंमत म्हणून, न सांगता. तू सकाळी मूठ बसवलीस, मापलीस. दुपारी तू अंघोळीला गेलास तेव्हा मी चाकं बदलली. ती दुसऱ्याच कंपनीची होती, चार मिलिमीटर मोठी. चाक चारने मोठं म्हणजे डबा दोनने वर, आणि तुझी मूठही दोनने वर. सपाटीवर कुणाला कळलं नसतं. माथ्यावर पुढचा डबा खाली झुकला, मागचा अजून चढत होता, आणि दोन मिलिमीटरने काठावर आलेल्या मुठी एकमेकींतून निसटल्या. तुझे चार डबे उतारावरून उलटे सुटले. बाबा पायरीवर उभे होते, त्यांना पकडायला वाकले.

पुढचं तुला माहीतच आहे. खुब्याचं हाड.

हे आज माझ्या लक्षात आलं. तुझी मूठ अकरा वेळा टिकली तेव्हा.

ताई


१५ मार्च

ढब्बू,

पोस्टकार्डावर दोन शब्द लिहून पाठवलेस. 'आज लक्षात?' लोक मोठमोठी पत्रं लिहितात आणि त्यांनी काही होत नाही. मी ते कार्ड प्रयोगशाळेत टेबलावर उभं करून ठेवलं आणि दिवसभर एकही कवळी धड झाली नाही. एका आजोबांची वरची बत्तिशी मी खालच्या साच्यावर बसवत होते. मालक म्हणाले, "बाई, घरी जा."

नाही. आज नाही.

तिसऱ्या दिवशी. बाबांचं ऑपरेशन झालं होतं, मी त्यांचे कपडे आणायला घरी आले. अंगणात डबे तसेच पडले होते. तपकिरी उचलला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता, ढब्बू. तो मोडलाच नव्हता. मी पहिल्याच पत्रात तुला खोटं लिहिलं आणि दुसऱ्यात त्यावर तावातावाने आणखी एक रचलं.

कवळीचे दात नीट मिटतात का ते बघायला आमच्याकडे एक निळा कागद असतो. दातांमध्ये धरायचा, चावायला सांगायचं, जिथे दात खरंच टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो. मी तो कागद दोन मुठींमध्ये धरून त्या जोडल्या. पूर्ण मुठीवर निळं यायला हवं होतं. आली एक रेघ, नखाएवढी, अगदी काठावर. मग चाकांकडे बघितलं आणि सगळं कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

पण तोपर्यंत मी बोलून बसले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, डॉक्टरांसमोर, बाबांना आत नेत असताना. "तुझ्या असल्या जोडाजोडीपायी बाप लुळा झाला." उचलली जीभ लावली टाळ्याला. तू म्हणालास, "ताई, मी मापलं होतं." मी म्हटलं, "तुझं माप घाल चुलीत." बाबांनी ते स्ट्रेचरवरून ऐकलं. तेच वाक्य धरून त्यांनी तुला दहाव्या दिवशी दार दाखवलं, आणि मी दाराशी उभी होते, आणि माझ्याकडे ती निळी रेघ होती, आणि मी गप्प बसले.

का, असं विचारशील. आधी म्हटलं बाबांची तब्येत नाजूक आहे, आता नको. मग म्हटलं महिना झाला, आता कुठे. मग वर्ष झालं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कारण खरं नाही. खरं कारण हे की तू असताना बाबा तुझे होते. तू आणि ते, रूळ आणि डबे, आणि मी चहा घेऊन येणारी. मीसुद्धा मापू शकत होते, तुझ्यापेक्षा बारीक मापू शकत होते, पण मला कुणी विचारलं नाही. तू गेल्यावर ते माझे झाले. मला ते आवडलं. लिहिताना लाज वाटतेय, पण आवडलं.

डबा माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे, प्लॅस्टरच्या पिशव्यांमागे. चाकं तीच, मूठ तीच. दर वर्षी कपाट साफ करताना तो बाहेर काढते आणि परत ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कसले लाख अन् कसलं काय. नऊ वर्षांत तुझं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बाबांनी तिचा चेहरा बघितला नाही. आता बघायला गेले तर डाग मधे येतो.

रविवारी बाबांना सांगणार आहे. तू आधी येऊन सांगू नकोस, आणि मी सांगितलं नाही तर मात्र खुशाल सांग.

ताई


२३ मार्च

ढब्बू,

सांगितलं.

डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, हा मोडला नव्हता." त्यांनी बोटांनी चाचपला. मग त्यांचं ते जुनं पितळी मापयंत्र मागितलं, आणि भिंग. मी म्हटलं, "मी सांगते ना किती आहे." ते म्हणाले, "मी तुला विचारलं नाही." चाक मोजायला त्यांना वीस मिनिटं लागली. मान तिरकी, भिंग तिरकं, आकडा दिसेना म्हणून नखाने मापयंत्राच्या खाचा मोजल्या. मग हिरडीवाल्या डब्याचं चाक मोजलं. मग दोन्ही शेजारी ठेवले आणि मुठींवरून अंगठा फिरवला. दोन मिलिमीटर अंगठ्याला कळतात, बघ.

मी बाकीचंही सांगितलं. निळा कागद, तिसरा दिवस, सगळं. कुठेही 'बाबांच्या तब्येतीमुळे' असं म्हटलं नाही.

त्यांनी विचारलं, "त्याला कळवलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"तारीख विचारली."

ते उठले आणि खोलीत गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. चहा स्वतः करून घेतात, अर्धा ओट्यावर सांडतो, मी पुसते. जेवण ठेवलं की जेवतात, पण मी टेबलावरून उठल्यावर. त्यांचं काही चुकलंय असं मी म्हणत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे नेणार? पण ढब्बू, हे घर फार शांत झालंय. तुझ्यासोबत त्यांनी असंच केलं होतं आणि तेव्हा मी मनात म्हणाले होते, एवढं काय त्यात.

आज सकाळी मात्र हाक मारली. वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "लिही. माझा हात कापतो. मी सांगेन तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस." ते असं :

'चिरंजीवास. मी परक्यांची मापं पस्तीस वर्षं तपासली. कुणाच्या तोंडच्या शब्दावर कुणालाही दंड केला नाही. तुला केला. तू मापलं होतंस असं म्हणालास, आणि मापयंत्र माझ्या खिशात होतं. तुझ्या बहिणीने खरं दडवलं, पण तिचं बोलणं न मोजता मानलं मी. ती चूक तिची नाही, माझी आहे. ये. मुलीला आण. तिला डावीकडे उभी कर, त्या बाजूने मला अजून चांगलं दिसतं. बाबा.'

हे लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगितलं. 'ती चूक तिची नाही' ही ओळ मी दोनदा वाचली. ते म्हणाले, "पुढे वाच."

वर जे जास्तीचं लिहिलंय ते माझं पदरचं. त्यांना दिसणार नाही.

ताई


९ एप्रिल

ढब्बू,

तुझं पत्र आलं, बाबांच्या नावाने. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं नाही, समोरच्या शिंपीणबाईंना बोलावलं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, पाणी बंद करून. तेवढं ऐकलं. शनिवारी येताय, तिघं, दुपारच्या गाडीने, आणि दोन रात्री राहणार. बाबांनी बाईंकडून ते तीनदा वाचून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, आता मला पाठ झालं."

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. दाढी मात्र रोज करायला लागलेत, सराव म्हणून, दिसत नाही ना. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलंय.

तुमची खोली तयार केलीय. खिडकीची कडी घट्ट आहे, उचलून ओढायची. बाबांच्या गोळ्या फडताळात वरच्या कप्प्यात, पांढरी सकाळी, पिवळी रात्री जेवणानंतर, आणि ते घेतली म्हणतात तेव्हा घेतलेली नसते. कुबडीचं रबर झिजलंय, ओल्या फरशीवर त्यांना एकटं सोडू नकोस. मुलगी काय खाते ते मला ठाऊक नाही, म्हणून दोन-तीन प्रकारचं आणून ठेवलंय.

गाडी जोडून ठेवलीय. चाकं सगळ्या डब्यांची मोजली, एकूण एक, आणि आकडे कागदावर लिहून इंजिनाखाली ठेवलेत. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तू स्वतः पुन्हा मोज. पायरीला कठडा बसवून घेतलाय. हे नऊ वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. कळ कोणती दाबायची ते बाबांना माहीत आहे, त्यामुळे कुणी तिसरं लागणार नाही.

तुझ्या पत्रात माझ्यासाठी एक अक्षर नव्हतं. शिंपीणबाई वाचताना काही गाळत नाहीत, त्या पोस्टाचा शिक्कासुद्धा वाचतात, म्हणजे नव्हतंच. मी तक्रार करत नाही. माझं चुकलं, ढब्बू. हे पाच पत्रांत एकदाही लिहिलं नव्हतं, आत्ता मोजून बघितलं. चुकलं.

प्रयोगशाळेत शनिवारी काम नसतं, पण मालकांना विचारून ठेवलंय, किल्ली देतो म्हणाले. तिथे चहाची सोय आहे, पलंगही आहे, दोन रात्री सहज निघतील. तुमचं सगळं नीट होईल, माझ्यावाचून काही अडणार नाही. उगाच भीड म्हणून हो म्हणू नकोस.

एका ओळीत कळव. मी घरी असू की नको?

ताई